लोक ऐकत नव्हते, की सांगणाऱ्यांनी नीट सांगितलं नाही? (कोविडची दोन वर्षं, मुंबई)

चाळसेक्रेटरी_लालबाग

मंडळी, आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेलीय, महिनाअखेर खोल्या खाली करायच्यात. कमिटीचं कपाट आवरताना २०२०-२१ ची नोटिसांची फाईल हाती लागली. तेव्हा सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे प्रत्येक नोटीस एकतर माझ्या अक्षरात नाहीतर माझ्या सहीची. परवापासून रात्री तीच वाचत बसतोय. काल मेहुणा आला होता सामान बांधायला, त्यानं फाईल चाळली आणि म्हणाला, एवढं सगळं लिहून लावलंत तरी लोकांनी ऐकलं का, आपल्या लोकांना शिस्तच नाही. मला ते लागलं.

कारण मला २२ मार्च २०२० आठवतो. सकाळपासून एक माणूस जिना उतरला नाही, आमच्या चाळीत, जिथे एरवी पहाटे चारला नळावर भांडणं सुरू होतात. संध्याकाळी ५ ला सगळे गॅलरीत येऊन थाळ्या वाजवत होते, तीन नंबरच्या आजी ऐंशीच्या पुढच्या, त्या पळी आणि ताट घेऊन उभ्या होत्या. हीच माणसं दोन दिवसांनी, २४ तारखेला रात्री ८ चं भाषण ऐकून साडेआठला पिशव्या घेऊन वाण्याच्या दुकानावर तुटून पडली. दुसऱ्या दिवशी पाडवा. रात्री १२ पासून २१ दिवस घराबाहेर पडायचं नाही एवढंच डोक्यात शिरलं, दूध-किराणा-औषधं चालूच राहणार हे तितक्याच जोरात आणि आधी सांगायला पाहिजे होतं ते नंतर कळलं. मग बेशिस्त झाली कुठे? दोन दिवसांत माणसं बदलली का?

दुसरं उदाहरण, फाईलमध्ये ३ जून २०२१ च्या तीन नोटिसा आहेत, एकाच तारखेच्या. दुपारी मदत पुनर्वसन मंत्री वडेट्टीवारांनी टीव्हीवर सांगितलं की पाच टप्प्यांत अनलॉक, १८ जिल्हे मोकळे. मी उत्साहानं लिहून लावलं. काही तासांत सरकारकडूनच खुलासा आला की असा निर्णय झालेलाच नाही, प्रस्ताव विचाराधीन आहे. ती काढली, दुसरी लावली. मग लोक दारात येऊन विचारायला लागले की नक्की काय, म्हणून तिसरी लावली, "लेखी आदेश येईपर्यंत जुनेच नियम". आदेश ४ तारखेच्या रात्री उशिरा निघाला, ७ पासून लागू, मुंबई तिसऱ्या टप्प्यात. त्यानंतर माझ्या बोर्डाकडे कुणी बघेना, सरळ व्हॉट्सअॅपवर काय आलंय तेच खरं.

तर मला तुमचं ऐकायचंय. कुठली गोष्ट तुम्ही मनापासून पाळलीत, आणि कुठल्या दिवशी वाटलं की आता वरून काय सांगतात त्याला अर्थ नाही? पक्षाचं राजकारण नको प्लीज, तेव्हा दिल्लीत एक होते, मुंबईत दुसरे होते, अनुभव सांगा.

भांडीवाला_दादर

सेक्रेटरी साहेब, तुमच्या तीन नोटिसा वाचून अंगावर काटा आला, कारण माझ्याकडे शटर आहेत दोन.

समजावून सांगतो. दुकान कोपऱ्यावर, एक शटर मेन रोडला, एक गल्लीत. जून २०२० ला मिशन बिगिन अगेन, म्हणजे लॉकडाऊन टप्प्याटप्प्यानं उठवायची राज्य सरकारची योजना, आली त्यात नियम होता, रस्त्याच्या एका बाजूची दुकानं सम तारखेला, दुसऱ्या बाजूची विषम तारखेला. तीन महिने एक पातेलं विकलं नव्हतं, दोन पोरं गावी गेलेली, एक इथेच दुकानात झोपत होता. मेन रोडच्या हिशोबानं माझी तारीख सम, गल्लीच्या हिशोबानं विषम. मी काही दोन्ही दिवस उघडायला मागत नव्हतो, मला फक्त माझी तारीख कुठली ते सांगा. महापालिकेचा माणूस आला तो म्हणाला पत्ता मेन रोडचा आहे, सम. दुसऱ्या दिवशी बीटवरचे हवालदार आले, म्हणाले शेजारची गल्लीतली विषमला आहेत, तुम्ही पण विषमला. मी लेखी मागितलं तर दोघंही म्हणाले वरून लेखी आलं की देऊ. दोघं चांगलेच बोलले, त्यांना पण उन्हात उभं राहून तेच तेच शंभर जणांना सांगायचं होतं, त्यांच्यावर माझा राग नाही. शेवटी मी मेन रोडचं शटर उघडून गल्लीतलं आतून बंद ठेवलं, खडूनं तारीख लिहून ठेवली. ५ ऑगस्टला तो नियम गेला, रोज दुकानं उघडायला परवानगी मिळाली.

पण माझा विश्वास तेव्हा नाही उडाला. उडाला तो एप्रिल २०२१ ला. ४ तारखेला रविवारी सांगितलं वीकेंड लॉकडाऊन, रात्रीची संचारबंदी. आम्ही व्यापारी म्हणलो ठीक आहे, शनिवार-रविवार बंद, पाच दिवस धंदा. रात्री आदेश वाचला तर अत्यावश्यक सोडून सगळी दुकानं ३० एप्रिलपर्यंत सातही दिवस बंद! पेशंट तेव्हा झपाट्यानं वाढत होते, बंद ठेवणं गरजेचं असेल, मी मान्य करतो. मग तोंडानं तसंच सांगा ना, की बाबांनो महिनाभर बंद ठेवा, परिस्थिती वाईट आहे. आम्ही ठेवलं असतं, २०२० ला ठेवलंच होतं. समोरच्या साडीवाल्यानं पाडव्याचा माल भरून ठेवला होता हो, त्या वर्षी पाडवा १३ एप्रिलला.

मेडिकलवाला_परळ

थोडक्यात लिहितो, दुकानात आहे. एप्रिल २०२१ चे गाडीवरचे गोल स्टिकर आठवतात का कुणाला? १८ तारखेपासून, ६ इंचाचा गोल, डॉक्टर आणि मेडिकलवाले लाल, भाजी-किराणावाले हिरवा, बाकी अत्यावश्यकवाले पिवळा. स्टिकर ज्याचा त्यानं बनवायचा. आता लाल कागद आणणार कुठून, स्टेशनरीची दुकानं बंद! पोरीनं ड्रॉइंगच्या कागदावर ताटली ठेवून गोल काढला आणि रात्री वॉटरकलरनं रंगवला, वाळायला पंख्याखाली ठेवला. तो लावून मी ऑक्सिजनच्या नळ्या आणि मास्क पोचवत फिरलो. आठवडा झाला नाही तोवर स्टिकर रद्द. ज्यानं नियम केला त्याचा हेतू नाक्यावरची रांग कमी करायचा होता, ते पटतं मला. फक्त आदेश काढण्याआधी कुणीतरी एकदा दुकानदाराला विचारायला हवं होतं की लाल कागद मिळतोय का.

देवगडचो_झील

आमच्या चाकरमान्यांचं दुःख कोणी विचारलं नाही म्हणून लिहितोय. राहतो भांडुपला, गाव देवगड तालुक्यात, आई एकटी घरात.

२०२० चे गणपती २२ ऑगस्टला. जुलैपासून आम्ही विचारत होतो, जायला मिळणार का, किती दिवस वेगळं राहायचं, ई-पास (जिल्ह्याबाहेर जायचा ऑनलाइन परवाना) लागणार का. गावातल्या मीटिंगा वेगळ्या, कुठल्या गावात १४ दिवस, कुठे येऊच नका. सरकारनं सांगितलं ४ ऑगस्टला! १० दिवस क्वारंटाईन, १२ ऑगस्टच्या आत पोचा, एसटीनं गेलात तर ई-पास नको, १२ नंतर जाणार असाल तर टेस्ट. म्हणजे हातात आठ दिवस. त्या आठ दिवसांत रजा मागायची, एसटीचं बुकिंग, सामान, सगळं. आणि रेल्वेच्या गणपती स्पेशल गाड्या सुरू झाल्या १५ ऑगस्टपासून. तारीख १२ ची आणि गाडी १५ ची. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना एक फोन केला असता तर झालं असतं ओ.

मी ९ ला रात्री एसटीनं निघालो. गावात पोचल्यावर घरात नाही गेलो, मांगरात (घराबाहेरच्या खोपटात) राहिलो दहा दिवस. आई सकाळी पेजेचं ताट पायरीवर ठेवायची आणि मागे सरून तुळशीकडे उभी राहायची, मी जेवेपर्यंत तिथनंच बोलायची. एकदा पाऊस जोरात आला तर छत्री घेऊन उभी, पण मधलं अंतर नाही मोडलं तिनं. तिला कोणी भाषण दिलं नव्हतं. आशाताई घरी येऊन अंगणात काठीनं रेघ मारून गेली होती, "आये, हयसून पुढे जाव नको, धा दिवस." बस. शिस्त नाही म्हणणाऱ्या मेहुण्यांना हे सांगा.

विरार_८_४२

लेडीज डब्यातल्या आम्ही. लोकल २२ मार्च २०२० ला बंद झाल्या, जूनच्या मध्यावर फक्त अत्यावश्यकवाल्यांना सुरू झाल्या. माझं ऑफिस फोर्टला, खाजगी, त्यांना जूनमध्येच माणसं पाहिजे होती. विरारहून बस, मग दुसरी बस, मग शेअर टॅक्सी, एका बाजूला साडेतीन तास, पगार अर्धा.

ऑक्टोबरमध्ये १६ तारखेला बातमी आली की राज्य सरकारनं रेल्वेला पत्र दिलंय, उद्यापासून सगळ्या बायकांना लोकल. उद्या म्हणजे १७, घटस्थापना. पहाटे घट बसवले, पाया पडले आणि देवीनंच ऐकलं असं म्हणत स्टेशनवर गेले, पत्राचा फोटो मोबाईलमध्ये. गेटवर पोलीस म्हणाले, ताई, आम्हाला रेल्वेकडून काही आलेलं नाही. माझ्यासारख्या तीस-चाळीस जणी होत्या, नटून आलेल्या, पहिला दिवस म्हणून कुणी कुणी तर गजरा माळून. अर्धा तास उभ्या राहिलो आणि गुपचूप परत फिरलो. परवानगी आली २१ ला, तीही सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. नऊला पंच मारायचंय त्या बाईनं ११ च्या गाडीचं करायचं काय? सगळ्यांना सोडलं १ फेब्रुवारी २०२१ ला, तिथेही वेळा ठरलेल्या, सकाळी ७ पर्यंत, १२ ते ४, रात्री ९ नंतर. गर्दी टाळायची हे समजत होतं. पण मला शेवटपर्यंत हे कळलं नाही की लोकलबद्दल बोलायचा अधिकार नक्की कुणाचा. मंत्रालय म्हणणार आम्ही पत्र दिलं, रेल्वे म्हणणार आम्हाला विचारलं नाही, मी गेटच्या बाहेर.

पाच वर्षं झाली तरी त्या घटस्थापनेचा राग माझा गेलेला नाही.

गोरेगाव_पूर्व

सगळ्यांचं वाचलं. मला वाटतं मेहुण्याचं अगदीच चुकलेलं नाही, रागवू नका.

२०२० च्या दिवाळीत दादरची गर्दी मी डोळ्यांनी पाहिली, मास्क हनुवटीवर. मास्कचा दंड आधी हजार होता, पुढे दोनशे झाला, आणि लोक दंड घेणाऱ्या महापालिकेच्या मार्शलशी भांडायला तयार पण मास्क वर करायला नाही. फेब्रुवारी २०२१ ची लग्नं आठवा, पन्नासची परवानगी काढायची आणि तीनशेची पंगत. हे न समजल्यामुळे नव्हतं, नियम सगळ्यांना पाठ होता. तेव्हा सरकारनं किती छान मराठीत सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. माझ्या स्वतःच्या घरात भांडणं झाली या लग्नांवरून, एका लग्नाला मी गेलो नाही म्हणून चुलत भाऊ अजून नीट बोलत नाही.

आणि जे चांगलं झालं तेही लिहायला पाहिजे. दुसऱ्या लाटेत बाबांना बेड नेस्कोच्या जंबो कोविड सेंटरमध्ये मिळाला, तो वॉर्डच्या वॉर रूममधून. मुंबईत २४ वॉर्ड, प्रत्येकाची वॉर रूम, हॉस्पिटलच्या दारोदार फिरण्याऐवजी एका नंबरवर फोन. रात्री दोनला फोन उचलणाऱ्या मुलीनं आधी ऑक्सिजन किती, वय किती, शुगर आहे का विचारलं, मग म्हणाली, "आत्ता बेड नाहीये काका, खोटं सांगत नाही, पण पोटावर झोपवा त्यांना आणि मी चारच्या आत परत फोन करते." पावणेचारला केला. त्याच लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून सहा हॉस्पिटलमधले १६८ पेशंट एका रात्रीत महापालिकेनं हलवले, आणि मे मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीला सांगितलं की ऑक्सिजनचं मुंबईकडून शिका. हे काही फुकटचं कौतुक नव्हतं.

चाळसेक्रेटरी_लालबाग

गोरेगाव, रागवलो अजिबात नाही, लग्नांचं तुमचं बरोबर आहे, आमच्या चाळीतही झालं एक. पण तुम्हीच लिहिलंत बघा, ती मुलगी म्हणाली बेड नाहीये, खोटं सांगत नाही. तेवढ्यावर तुम्ही पावणेदोन तास थांबलात ना? मला नेमकं हेच मिळालं नाही जून २०२० मध्ये.

लिहू की नको विचार करत होतो. दुसऱ्या मजल्यावरचे काका, माझ्या वडिलांचे मित्र, मिलमधले. ताप आला, टेस्ट झाली. त्या दिवसांत मुंबईत नियम असा होता की पॉझिटिव्ह रिपोर्ट लॅबनं पेशंटला न देता आधी महापालिकेला द्यायचा. लॅबला फोन केला, ते म्हणाले आम्ही वर पाठवला. जिथे पाठवला तिथे फोन केला, ते म्हणाले आमच्याकडे अजून यादी आली नाही. तीन दिवस. आमच्याकडे मजल्यावर संडास कॉमन, नळ कॉमन, त्या मजल्यावर १४ खोल्या, सगळे मला विचारतायत, सेक्रेटरी, काय ते सांग, आणि मी कोऱ्या कागदापुढे बसलोय. पॉझिटिव्ह लिहिलं आणि नसले तर? नाही लिहिलं आणि असले तर? फाईलमध्ये त्या तीन दिवसांची एकही नोटीस नाही. काका चौथ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आले नाहीत. पुढे सुप्रीम कोर्टानं सांगितलं की रिपोर्ट पेशंटला आणि घरच्यांना मिळालाच पाहिजे, तेव्हा बदललं.

त्याच महिन्यात, १६ तारखेला, मुंबईच्या आकड्यात ८६२ मृत्यू एका दिवसात वाढले, आधी मोजायचे राहिलेले. काकांच्या मुलानं मला टीव्हीसमोर विचारलं, बाबा यात आहेत का रे? त्या दिवसापासून संध्याकाळचा आकडा चाळीत कुणी बघितला नाही.

सीएचव्ही_धारावी

दादा, वाचून डोळे भरले. मी आरोग्य स्वयंसेविका, दारोदार फिरणाऱ्यांतली. आमच्याकडे पण आदेश रात्रीच यायचा आणि सकाळी गल्लीत जाऊन बोलायचं असायचं, तेव्हा दोन्ही बाजूचं सांगते.

धारावीत पहिला पेशंट १ एप्रिल २०२० ला. आठ लाखांच्या वर माणसं, दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण, बहुतेकांना संडास बाहेरचा. तिथे टीव्हीवरचं "घरातच राहा, अंतर ठेवा" हे वाक्य घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? पहिल्या आठवड्यात आम्हाला बघून दारं लावायचे. ताप लपवायचे. एका बाईनं नवऱ्याला पोटमाळ्यावर झोपवून वर गोधड्या टाकल्या होत्या, खोकल्याचा आवाज आला म्हणून कळलं. आजाराची भीती नव्हती तिला, "नेतात" याची भीती होती. पीपीई घातलेली माणसं येतात, नेतात, पुढे काय ते कळत नाही.

मग आम्ही बोलणंच बदललं, कुणी ट्रेनिंग दिलं नाही, आपलं आपण. क्वारंटाईन शब्दच काढायचा नाही आधी. पहिलं वाक्य, शाळेत नेणार, तीच शाळा जिथे तुमची मुलगी जाते. चौदा दिवस. दोन वेळचं जेवण, चहा, फोन जवळ ठेवा, चार्जर विसरू नका. मागे पोरांना दूध कोण देणार ते मला सांगा, मी लिहून घेते. एवढं सांगितलं की बाई स्वतःच पिशवी भरायला घ्यायची. आणि गल्लीतले खाजगी डॉक्टर आमच्याबरोबर फिरायला लागले त्यानं फार फरक पडला, वर्षानुवर्षं ज्याच्याकडून गोळ्या घेतल्या तोच दारात उभा, त्याला कोण नाही म्हणणार.

कुंभारवाड्यात ऑक्सिमीटर लावायला गेले की आकडाच यायचा नाही, बोटांवर माती वाळलेली, हात गार. मी आजोबांना म्हणायचे हात धुवून या, मग दोन्ही हातांत धरून त्यांचे हात चोळायचे, ग्लोव्हजमधूनच, मग आकडा यायचा. त्या चोळण्याच्या दोन मिनिटांत माणूस खरं सांगायचा, की हो पोरी, चार दिवस झाले ताप आहे. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं तेव्हा मला ते गार हात आठवले.

मोठ्या साहेबांवर मी काय बोलणार. पण दादा, तुमची ती तीन दिवस नोटीस नव्हती ना, तिथे माझ्यासारखी कुणीतरी येऊन एवढं जरी म्हणाली असती की रिपोर्ट आलेला नाही, आला असं समजून वागा, नळावर पाळ्या लावा, तरी पुरलं असतं. हे सांगायला कुणाची परवानगी लागत नव्हती, पण तुम्हाला कुणी ते सांगितलं नव्हतं, आणि चूक केली तर सगळे तुम्हालाच धरणार. स्वतःला दोष देऊ नका.

भांडीवाला_दादर

ताई, तुम्ही हे कुठेतरी नीट लिहून ठेवा, खरंच. तो पोटमाळा आणि चार्जर.

चाळसेक्रेटरी_लालबाग

सीएचव्ही ताई, काय बोलू. तुमचं मेहुण्याला वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही, खोके बांधत राहिला.

फाईल परत बघितली. काका गेल्यानंतरच्या आठवड्यात एक कागद आहे, तो सरकारी आदेशावरून केलेला नाही. दुसरा मजला सील होता तेव्हा कुणी कुणाला काय आणून द्यायचं त्याची यादी, दूध ८ नंबर, भाजी १७ नंबर, काकूंच्या बीपीच्या गोळ्या मी, कचरा तळमजल्यावरची पोरं. खाली वेगवेगळ्या अक्षरांत लोकांनी आपणहून भर घातलीय, पेन्सिलनं, कुणी लिहिलंय "१७ ला ताप आहे, भाजी आता २२ आणेल". बावीस दिवस तो कागद बोर्डावर होता आणि एकदाही काढून दुसरा लावावा लागला नाही. बाकीची फाईल रद्दीत जाईल, हा मी वेगळा काढून ठेवलाय, उद्या काकांच्या मुलाला नेऊन देतो, तो आता बदलापूरला असतो.